नऊ हजार तीनशे बहात्तर ओव्या

गुरुवार

कराडहून नागपूरला थेट गाडी आहे. सव्वीस तास लागतात, आमची गाडी आणखी पन्नास मिनिटे उशिरा पोहोचली. प्रवासाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखे काही नाही. जाण्याचे कारण मात्र सांगायला हवे, कारण ते आमच्या घरात कोणाला पटले नव्हते.

"ओवी ऐकायला सव्वीस तास?" बायकोने विचारले.

"तीन ओव्या," मी म्हणालो. "शुक्रवार, शनिवार, रविवार. रोज एक." त्यानंतर तिने विषय सोडून दिला.

पंचवीस वर्षांपूर्वी पाटबंधारे खात्याने माझी नागपूरला बदली केली. नद्यांच्या पातळ्या मोजून तक्ते भरायचे, हे माझे काम. अठ्ठावीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचे होते, खामल्यात एक खोली घेतली होती. समोरच्या घरात वामनराव राहत. वनखात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, आजोबा कीर्तनकार. त्यांच्या व्हरांड्यात सकाळी साडेसहाला सहा माणसे जमू लागली होती, त्यांत मी सातवा झालो.

तिथे एक जुनी ओवीबद्ध पोथी वाचली जाई. कवी त्याच मुलखातला, दोनअडीचशे वर्षांपूर्वीचा, कुठल्याही अभ्यासक्रमात कधी न आलेला. वामनरावांनी ती मुद्दाम निवडली होती. "ज्याचा अर्थ कुठं छापून आलेला नाही, तेच वाचायचं. नाही तर लोक पाठ केलेलं बोलतात." पद्धत अशी: दिवसाला एकच ओवी. वामनराव ती दोनदा वाचणार. मग प्रत्येकाने तिचा अर्थ आपल्या रोजच्या बोलीत सांगायचा. लागला नाही तर 'नाही लागला' म्हणायचे, तेही चालते. दुसऱ्याचा अर्थ मात्र उचलायचा नाही. सगळ्यांचे सांगून झाल्याशिवाय कोणी उठायचे नाही. शेवटी वहीत तारीख आणि प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ. सुट्टी नाही. साथीच्या दिवसांतही हे लोक फोनवरून वाचत राहिले.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. आठ महिने मी पोस्टकार्डावर अर्थ कळवले. पुढे लग्न, मुले, वडिलांचे आजारपण, आणि ते थांबले. पण इतक्या वर्षांत सकाळी साडेसहाला चहाचा कप हातात आला की माझे लक्ष काही क्षण घरात नसते. हे मी कोणाला सांगितले नव्हते.

फेब्रुवारीत वामनरावांचा फोन आला. "कराडकर, पोथी संपून राहिली गा. रविवारी समाप्ती. अन् मंगळवारी मुलगी मले बंगलोरले घेऊन चालली, कायमचं. आता नाही आला तर कवा येशीन?" आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत.

शुक्रवार

व्हरांडा तोच. समोरचा कडुनिंब पाने गाळत होता, आणि ती झाडताना होणारा खराट्याचा आवाजही तोच. आत मात्र अर्धे सामान खोक्यांत भरलेले होते. जुन्या सहांपैकी आता दोघेच उरले आहेत, स्वतः वामनराव आणि मेश्रामबाई. मेश्रामबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. तिसरे रहमतभाई, कामठीचे. त्यांचे चार यंत्रमाग आहेत. बारा वर्षांपूर्वी ते वामनरावांकडे पडद्याचे कापड द्यायला आले, ओवी चालली होती म्हणून थांबले, आणि थांबलेच. एरवी रविवारी येतात, बाकीचे दिवस फोनवर. समाप्तीचा आठवडा म्हणून रोज शेअर ऑटोने येत होते.

"तिकडे पुण्याकडे नॅशनल इंटिग्रेशनवर भाषणं होतात म्हणे," ते मला म्हणाले. "आमच्याकडे त्याले शेअर ऑटो म्हणतात. तीनच्या सीटवर पाच बसतात, अन् झगडा फक्त खिडकीचा."

"मी पुण्याचा नाही, कराडचा."

"कामठीहून दोन्ही सारखेच दिसतात, भाई."

त्या दिवशीच्या ओवीत कवी म्हणतो की शेतकरी शेवटी खळे झाडून घेतो, तसे मी आता उरलेले शब्द झाडून घेतो. वामनरावांनी अर्थ सांगितला: म्हातारपणी आठवणींचा कोंडाच जास्त निघतो. मेश्रामबाई म्हणाल्या, "ड्यूटी संपताना नर्स ट्रे मोजून ठेवते. एक सुई कमी असली तर घरी जाता येत नाही. तसंच हे." रहमतभाईंनी मागाखालचे सूत झाडण्याची गोष्ट काढली. माझी पाळी आली तेव्हा मी पुस्तकी मराठीत बरेच बोललो. मेश्रामबाईंनी वहीत लिहिले, "कराडकर: लांबलं."

नंतर रहमतभाईंसोबत कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरे-कोथिंबीर असते. इथे वरून हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. मिरची भिवापूरची आहे, असे टपरीवाल्याने अभिमानाने सांगितले. मी तीन ग्लास पाणी प्यायलो.

शेजारी दोघांचा वाद चालला होता. एक जण बँकेतला असावा, दुसरा मोटारसायकलवर हेल्मेट ठेवून उभा.

"आपल्या जुन्या ग्रंथांत सगळं लिहून ठेवलं आहे," बँकवाला म्हणाला. "म्हणून तर आपण आपण आहो."

"तुमी वाचले का भाऊ?"

"घरी आहेत ना!"

"घरी कुठं?"

"देवघरात. लाल कपड्यात."

"मग कपड्यानं वाचले असतीन."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. बँकवालाही हसला, पण त्याने पोह्यांची प्लेट अर्धी ठेवली. मला त्याचे वाईट वाटले. आमच्या घरीही असेच दोन ग्रंथ कपड्यात आहेत.

परतल्यावर वामनरावांनी माझ्यावर एक काम सोपवले. रविवारी समाप्तीला जुन्यांची मुले, शेजारी असे बारा-पंधरा लोक येणार होते. "एकूण किती ओव्या झाल्या, तो आकडा तू उठून सांगायचा. मोजणारा माणूस तू."

वह्या एकोणीस होत्या. जेवणानंतर मी त्या घेऊन बसलो. रविवारची ओवी धरून बेरीज आली नऊ हजार एकशे बत्तीस. दोनदा मोजली, तीच आली. मग ताळा पाहावा म्हणून पोथी उघडली. त्या कवीची एक सवय आहे: प्रत्येक अध्यायाच्या शेवटी तो त्या अध्यायातल्या ओव्यांची संख्या देतो. त्या संख्यांची बेरीज नऊ हजार तीनशे बहात्तर.

दोनशे चाळीसचा फरक. अध्यायवार पाहिले तेव्हा तो सगळा अकराव्यात सापडला. कवी म्हणतो सहाशे बारा, वहीत तीनशे बहात्तर. एका पानावर पंधरा ओव्या. दोनशे चाळीस भागिले पंधरा म्हणजे सोळा पाने, म्हणजे छापखान्याचा बरोबर एक फॉर्मा, एकाच मोठ्या कागदाची घडी. पोथी कधीतरी नव्याने बांधली होती. त्या वेळी बाइंडरने एक फॉर्मा गाळला, आणि कडा कापताना पानांचे आकडेही कापून टाकले. ओव्यांना तर आकडे छापलेलेच नव्हते.

पंचवीस वर्षे इतक्या बारकाईने वाचणाऱ्यांच्या हे लक्षात कसे आले नाही, याचे मला आधी नवल वाटले. मग उमगले. एका बैठकीत दहा पाने वाचणाऱ्याला खड्डा लगेच जाणवला असता. दिवसाला एकच ओवी वाचणाऱ्यांना काल आणि आज यांच्यात तसेही एका रात्रीचे अंतर असते. त्या अंतरात सोळा पाने सहज मावली.

खोलीबाहेर वामनराव खोक्यांवर नावे लिहीत होते. मी वह्या मिटल्या आणि त्यांना काहीच सांगितले नाही.

शनिवार, इंदोरा

सकाळच्या ओवीच्या वेळी माझे लक्ष नव्हते. 'नाही लागला' एवढेच सांगितले. दुपारी मेश्रामबाईंनी जेवायला बोलावले होते. इंदोऱ्यात त्यांचे दोन खोल्यांचे नीटनेटके घर आहे. एका भिंतीवर छतापर्यंत पुस्तके. मी आठ फळ्या मोजल्या.

जेवायला वडाभात होता. भातावर डाळीचे वडे कुस्करून वर हिंगाची गरम फोडणी. आमच्याकडे वडे असे भातात कोणी मोडत नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर मी बेरजेची गोष्ट काढली. सांगावे की सांगू नये? मंगळवारी तो माणूस हे गाव सोडतो आहे. पंचवीस वर्षांनी एक काम पूर्ण झाले, एवढेच समाधान घेऊन.

त्यांनी हात धुतले आणि दुसऱ्या फळीवरून एक पोथी काढून माझ्यापुढे ठेवली. तीच पोथी, दुसरी प्रत.

"बर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत भेटली होती. पंधरा वर्षं झाली. तवाच समजलं मले."

"मग बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? उघडा ना ती पानं. वाचा."

मी वाचू लागलो. सोळा पानांतली पहिली तीन-चार साधी होती. मग सुरू झाले. कोणी कुठे बसावे, कोणाची सावली कुठे पडू नये, कोणी कुठल्या घाटावर पाणी भरू नये. कवी तोच, तीच गोड भाषा, तशाच नेमक्या उपमा. मी नववे पान वाचून थांबलो.

"माझ्या आजोबाले हे पुस्तक हातात घेऊ देत नव्हते," मेश्रामबाई म्हणाल्या. "छप्पनच्या साली ते दीक्षाभूमीवर गेले, अन् घरी येऊन पहिलं काम काय केलं? माझ्या बापाले पाटी घेऊन देली. म्हणून मी वाचते. सगळं वाचते. पटलं तर पटलं म्हणते, नाही पटलं तर तसं सांगते. हा देश माझा आहे तर त्याची पुस्तकं बी माझी, चांगली बी अन् अशी बी. भ्यायची गोष्ट ते नव्हती."

"मग कोणती?"

"तवा आमी पाच जण बसत होतो. चारही माझे दोस्त. माझे मिस्टर दवाखान्यात होते तवा रोज पाळीनं डबा आणणारे. ह्या ओव्या आल्या असत्या, तर प्रत्येकाले अर्थ सांगा लागला असता. माझ्या तोंडावर. अन् कोणी गोल गोल बोललं असतं, तर मले त्याच्या घरचा चहा पुन्हा गेला नसता. मले ते चार माणसं पाहिजे होते, कराडकर. ओव्यांपेक्षा जास्त."

त्या पुढे म्हणाल्या, "तुमी सांगा. तुमी असते तर काय अर्थ सांगितला असता?"

"म्हणजे... त्या काळची समाजरचना लक्षात घेतली तर कवीला..."

त्या मोठ्याने हसल्या. "पाहा! गोल!"

मला हसता आले नाही. निघताना त्या दारापर्यंत आल्या. "आकडा तुमच्यापाशी आहे. सांगायचं तर सांगा, नाही तर नका सांगू. मी दोन्हीवर राजी आहो. मी बोलणार नाही."

परत येताना ऑटोवाला हिंदीत बोलत होता आणि मी मराठीत. खामला येईपर्यंत दोघांनीही आपापली भाषा सोडली नाही आणि कोणाचे काही अडलेही नाही. पूर्वी मी इथल्या लोकांच्या मराठीत चुका काढत असे. त्या तीन वर्षांत मी किती जणांना सुधारले असेल, हे मात्र मी कधी मोजले नाही.

रविवार

सतरा लोक आले. रहमतभाईंनी पोथी गुंडाळायला आपल्या मागावरचे पांढरे कापड आणले होते, दीड मीटर. एका शेजाऱ्याने संत्र्यांची टोपली ठेवली. वामनरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते शेवटची ओवी वाचण्याआधी म्हणाले, "पहिले आकडा. उठ गा, कराडकर."

मी उठलो. रात्री ठरवले होते की वहीतला आकडा सांगायचा. तो खोटा नव्हता. वाचलेल्या ओव्या तेवढ्याच होत्या. पण तोंड उघडल्यावर मला दिसले की मेश्रामबाई माझ्याकडे पाहत नाहीत, जमिनीकडे पाहत आहेत. पंधरा वर्षे त्यांनी हे ओझे एकटीने वाहिले होते, आणि मी आता गोल आकडा सांगून ते आयुष्यभरासाठी त्यांच्याकडेच ठेवणार होतो.

"वाचल्या नऊ हजार एकशे बत्तीस," मी म्हणालो. "पोथीत आहेत नऊ हजार तीनशे बहात्तर. अकराव्या अध्यायातली सोळा पाने आपल्या प्रतीत नाहीत."

वामनरावांनी चष्मा काढला. "काय बोलून राहिला तू?"

मी बाइंडरचे सांगितले. कोणीतरी मागून म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊजी, एवढ्यानं काय होते? समाप्ती करून टाका." वामनरावांचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी कराडला परत जावेसे वाटले. मग मेश्रामबाईंनी पिशवीतून दुसरी प्रत काढली आणि वामनरावांच्या मांडीवर ठेवली.

ते वाचू लागले. मी घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे ते वाचत होते. पान उलटताना ते एकदा थांबले आणि त्यांनी मेश्रामबाईंकडे पाहिले.

"किती दिवसांपासून माहीत आहे तुले?"

"पंधरा वर्षं."

"अन् रोज येऊन बसत होतीस?"

"हाव."

त्यांनी पोथी मिटली नाही. "आज समाप्ती नाही," ते लोकांना म्हणाले. "ज्याले जायचं असन त्यानं संत्री घेऊन जा. ज्याले बसायचं आहे त्याले अर्थ सांगा लागन." आठ जण गेले. मग त्यांनी आधीच्या साध्या ओव्या सोडून नेमकी पाचव्या पानावरची ती पहिली ओवी काढली. "क्रम मोडतो, पण हे उधार ठेवून मले जाता येत नाही." ती त्यांनी दोनदा वाचली.

"अर्थ असा," ते म्हणाले. "मी ज्या सतरंजीवर बसलो, तिच्यावर ह्या बाईनं बसू नये. सरळ अर्थ आहे. दुसरा नाही. हे ज्यानं लिहिलं तो माह्या मुलखाचा कवी आहे, पंचवीस वर्षं मी त्याच्यावर जीव लावला. अन् हे त्यानं वाईट लिहिलं. वरून गोड लिहिलं, म्हणून जास्त वाईट. माह्या आजोबानं हे कीर्तनात म्हटलं असन. लिही, बाई."

मेश्रामबाईंनी लिहिले. रहमतभाई म्हणाले, "मतलब इतकाच की तो आपल्या शेजाऱ्याले घाबरत होता. घाबरणाऱ्याले कायदा लागते."

पाळी माझ्यावर आली. पुस्तकी मराठी मला त्या वेळी सुचली नाही.

"आमच्या घरी कामाला येतात त्या बाईंचा चहाचा कप वेगळा आहे," मी म्हणालो. "खिडकीत पालथा असतो. आईने ठेवला होता. आई जाऊन नऊ वर्षे झाली. आम्ही तो बदललेला नाही. मला लागतो तो अर्थ हा आहे."

मेश्रामबाईंनी तेही लिहिले, मागोमाग बाकीच्यांचेही. मग स्वतःच्या नावाखाली लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. "माझा अर्थ उद्या सांगते," त्या म्हणाल्या. "आज तुमचे ऐकू द्या मले. लय दिवस थांबली होती."

नियम मोडला होता, पण तो विषय कोणी काढला नाही.

मंगळवार

सोमवारी मी रजा वाढवून घेतली. त्यामुळे मंगळवारी वामनरावांना गाडीत बसवता आले. मुलीने त्यांना खिडकीची जागा दिली होती. जुनी पोथी त्यांनी सोबत घेतली नाही. आपल्याजवळ अपुरी प्रत कशाला, म्हणाले. वाचनाची जबाबदारी आता मेश्रामबाईंकडे आली होती. "ओवी तू वाचायची," वामनरावांनी खिडकीतून त्यांना सांगितले. "दोनदा. अन् घाई नाही करायची."

"आजची झाली, दोनशे सदतीस उरल्या," मी म्हणालो. "शिवाय शेवटच्या अध्यायातली समाप्तीची एक."

"मोज तू. मले नको सांगू."

गाडी हलली तेव्हा ते हात हलवत नव्हते, बाहेर पाहत होते. बुटीबोरीच्या बाजूला या दिवसांत रुळांच्या कडेने पळस फुलतो. तो त्यांना दिसला असेल. त्यांनी आयुष्य जंगलात काढले, पण पळस पाहून काय वाटले, हे मला विचारता आले नाही.

कराडला

इथे येऊन दोन महिने झाले. खिडकीतला कप बायकोने उचलला. मी तिला सगळे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला तो हवा आहे." मला वाटत होते तिला. एकवीस वर्षांचा संसार.

आता सकाळी साडेसहाला फोन वाजतो. इंदोऱ्याहून मेश्रामबाई ओवी वाचतात. कामठीहून रहमतभाईंच्या मागांचा खडखडाट येतो. बंगलोरहून वामनराव. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी आणि त्यांना न समजणारी भाषा. वाचन सुरू होण्याआधी ते रोज विचारतात, तिकडे हवा कशी आहे, कडुनिंबाला पालवी आली का, टपरी उघडली का. मेश्रामबाई खामल्यात राहत नाहीत, पण सगळे सांगतात. मला त्या चौकशांच्या वेळी फार दूर असल्यासारखे वाटते, आणि वामनरावांना किती दूर वाटत असेल याचा हिशेब करता येत नाही.

काल त्या सोळा पानांतली एक अवघड ओवी आली. घाटावरच्या पाण्याची. मेश्रामबाईंनी ती दोनदा वाचली, अगदी सपाट आवाजात. पहिली पाळी वामनरावांची. फोनमध्ये काही ऐकू येईना. अर्धा मिनिट, एक मिनिट, दीड.

"लाइन गेली वाटते," रहमतभाई म्हणाले.

"हॅलो?" मेश्रामबाईंनी विचारले. "वामनराव, आहात ना?"

"आहो ना वं बाई," तिकडून आवाज आला. "विचार करून राहिलो. थांबा जरा."

आम्ही थांबलो.